जुन्या लॅपटॉपला वायफाय कार्ड: निवडायचं कसं, बसवायचं कसं, आणि अडलं तर बघायचं कुठे

तालुक्याच्या बाजारात येणारे सेकंडहँड लॅपटॉप बहुतेक कंपन्यांनी वापरून काढलेले असतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक आणि प्रोबुक, लेनोव्होचे थिंकपॅड. महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, पोरांचा अभ्यास, ग्रामपंचायतीची कामं एवढ्याला ही यंत्रं अजून पुरून उरतात. गाडी अडते ती वायफायपाशी. एक तर ते दिसतच नाही, नाहीतर दर दहा मिनिटांनी तुटतं.

दुकानात उत्तर ठरलेलं असतं, ‘कार्ड गेलं, बदला’. कार्ड म्हणजे यंत्राच्या आतली, वायफाय पकडणारी छोटी पट्टी. बदलणं अवघड नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पण पैसे वाया जातात ते चुकीचं कार्ड घेतल्यामुळे, आणि त्याहून जास्त, कार्ड चांगलं असताना बदलल्यामुळे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. सगळ्यात वेगवान कार्ड शोधत बसू नका राजेहो. गावात नेट येतं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, आणि तिथे वेग टॉवर ठरवतो, कार्ड नाही. तुमच्या यंत्राच्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या खाचेत) बसणारं, त्याच्या बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्रातच भरलेल्या प्रोग्रॅमला) चालणारं आणि तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) असलेलं कार्ड हवं. तीनातलं एक जरी चुकलं तरी कार्ड खिशात ठेवायच्या लायकीचं.

पेचकस हातात घेण्याआधी

पहिलं बघायचं ते बटण. अशा जुन्या यंत्रांना वायफाय बंद-चालू करायला वेगळा स्विच असायचा. लॅटिट्यूडला आणि थिंकपॅडला कडेला सरकवायचा छोटा खटका असतो, तो बॅगेत घासून आपोआप सरकतो. एचपीच्या अनेक मॉडेलांत कीबोर्डच्या वर दिव्याचं बटण आहे. दिवा नारिंगी म्हणजे बंद, पांढरा किंवा निळा म्हणजे चालू. ज्यांना असा स्विच नाही त्यांच्यात एफएन आणि वरच्या रांगेतलं अँटेनाचं चिन्ह असलेलं बटण एकत्र दाबायचं.

मग बायोस. यंत्र चालू होताना एफ२ (डेल), एफ१० (एचपी) किंवा एफ१ (थिंकपॅड) दाबा आणि वायरलेस ‘एनेबल्ड’ आहे का बघा. एचपीत ‘लॅन/डब्ल्यूलॅन स्विचिंग’ नावाची एक सेटिंग असते. ती चालू असेल तर लॅनची तार लावली की वायफाय स्वतःहून बंद पडतं. पंचायतीच्या ऑफिसात तार कायम लावलेली असते, आणि ‘या लॅपटॉपचं वायफाय फक्त घरीच चालते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

एवढं झालं की डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘माय कॉम्प्युटर’वर (विंडोज १०मध्ये ‘धिस पीसी’वर) उजवी क्लिक, ‘मॅनेज’, मग डावीकडे डिव्हाइस मॅनेजर. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली काय दिसतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कार्डाचं नाव नीट दिसतंय, पिवळी खूण नाही: कार्ड जिवंत आहे. दोष सिग्नलचा, सेटिंगचा किंवा अँटेनाच्या तारेचा. नावावर खाली बाण दिसला तर कोणीतरी ते बंद केलंय, उजवी क्लिक करून ‘एनेबल’ करा.

‘अदर डिव्हाइसेस’मध्ये पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसतंय: कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘कोड २८’ लिहिलेलं असतं. जुन्या यंत्रावर नवी विंडोज टाकून विकलेल्या लॅपटॉपांत हेच सर्रास सापडतं. (‘इथरनेट कंट्रोलर’ असेल तर तो तारेच्या लॅनचा ड्रायव्हर, त्याचा वायफायशी संबंध नाही.)

काहीच दिसत नाही: आता कार्ड सैल असेल, पिना काळवंडल्या असतील किंवा कार्ड खरंच गेलं असेल. उघडावं लागेल.

पहिल्या प्रकारात आणखी एक फसवणूक असते. शेजारच्याचं वायफाय दिसतं, आपल्याच फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही. जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर काढतात. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘बँड’ २.४ करा, आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. तिथेच सुरक्षा ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ‘डब्ल्यूपीए२’ करा. राऊटर असेल तर त्याचं चॅनल बघा. भारतात १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेसाठी बनलेली कार्डं ११च्या पुढचं बघतच नाहीत. आयात केलेल्या जुन्या लॅपटॉपांत अशी कार्डं असू शकतात. चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

कार्ड निवडताना

आधी स्लॉट. अंदाजे २००६ ते २०१३-१४ पर्यंतच्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्सप्रेस असतो. त्यात दोन मापं आहेत: पूर्ण कार्ड ३० बाय ५१ मिलिमीटर, अर्धं ३० बाय २७. अर्धं कार्ड पूर्ण स्लॉटमध्ये बसतं, पण स्क्रूपर्यंत पोचत नाही. त्यासाठी जोडपट्टी मिळते, ती कार्डाबरोबरच मागून घ्या. त्यानंतरच्या यंत्रांत एम.२ आला, तो २२ बाय ३० मिलिमीटरचा, म्हणून त्याला २२३० म्हणतात. २००५च्या आधीचं, जुन्या मिनी पीसीआयचं यंत्र असेल तर कार्डाच्या नादी लागू नका. त्याला यूएसबी अडॅप्टरच बरा.

लॅपटॉप उघडल्यावर एकसारखे दोन स्लॉट दिसले तर गोंधळू नका. त्यातला एक सिमकार्डाच्या मोडेमसाठी असतो. बऱ्याच यंत्रांत त्याला आतून फक्त यूएसबीच्या तारा जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे वायफाय कार्ड बसतं पण विंडोजला कधीच दिसत नाही. जुनं कार्ड ज्या स्लॉटमधून काढलं त्यातच नवं लावायचं. अँटेनाच्या तारा जिथे येतात तो वायफायचा स्लॉट, ही खूण पुरेशी आहे.

दुसरं, बायोसची यादी. हा खरा खड्डा. एचपी आणि लेनोव्होच्या त्या काळच्या अनेक मॉडेलांत बायोस फक्त ठरावीक कार्डांनाच परवानगी देतं. दुसरं कार्ड घातलं की यंत्र चालूच होत नाही. थिंकपॅडवर ‘१८०२: अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड इज प्लग्ड इन’ असं येतं, एचपीवर ‘१०४-अनसपोर्टेड वायरलेस नेटवर्क डिव्हाइस डिटेक्टेड, सिस्टम हॉल्टेड’. घाबरायचं कारण नाही, कार्ड काढलं की यंत्र पूर्ववत चालू होतं. पण ते कार्ड त्या यंत्रात चालणार नाही. चिपसेट (कार्डावरची मुख्य चिप) तोच असला तरी नाही, कारण बायोस कार्डावर नोंदलेला कंपनीचा क्रमांकही तपासतं. म्हणून लेनोव्होसाठी कार्डाच्या लेबलवरचा ‘एफआरयू’ क्रमांक आणि एचपीसाठी ‘एसपीएस’ क्रमांक जुळवून घ्या. कोणते क्रमांक चालतात त्याची यादी कंपनीच्या साइटवरच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये असते, मॉडेलचं नाव टाकून फुकट उतरवता येतं. डेलमध्ये हा त्रास सहसा नाही.

बदललेलं बायोस भरून ही यादी उडवता येते असे व्हिडिओ भरपूर आहेत. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याची बॅटरी मेलेली आहे त्याने तर मुळीच नाही. बायोस लिहिलं जात असताना लाइट गेली तर वायफायच काय, अख्खा लॅपटॉप जातो. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

तिसरं, विंडोज. विंडोज ७ असेल तर इंटेल ७२६० हे अर्ध्या मापाचं, दोन्ही बँडचं आणि ब्लूटूथ असलेलं कार्ड चांगलं. मात्र त्याचे तीन प्रकार आहेत. लेबलवर ‘एसी’ किंवा ‘एएन’ बघून घ्या. ‘बीएन’ लिहिलेलं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. साध्या कामाला इंटेल ६२०५ही पुरतं, त्यात ब्लूटूथ नाही. लिनक्स वापरत असाल तर अथेरॉस एआर९२८५ डोळे मिटून घ्या. जुनं आहे, फक्त २.४चं आहे, पण वेगळं फर्मवेअर (कार्डात भरायची फाइल) न मागता चालतं. ब्रॉडकॉमचं कार्ड लिनक्सवर डोकं खातं.

नवी कार्डं घेताना दोन नावं लक्षात ठेवा. इंटेल एएक्स२०० आणि एएक्स२१० ही एम.२ स्लॉटच्या यंत्रात चालतात, पण त्यांना ६४ बिटची विंडोज १० तरी हवी, विंडोज ७चा ड्रायव्हरच नाही. आणि एएक्स२०१, एएक्स२११, ९५६० ही कार्डं जुन्या यंत्रासाठी कधीच घेऊ नका. त्यांचा अर्धा मेंदू नव्या इंटेल प्रोसेसरच्या आत असतो. जुन्या यंत्रात ती बसतात आणि मेल्यासारखी पडून राहतात. ऑनलाइन स्वस्त दिसतात म्हणून नेमकी हीच मागवली जातात.

एम.२ कार्ड मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये लावायला अडॅप्टरची पट्टी मिळते. चालते, पण उंची वाढते, आणि अँटेनाची टोकं जुळत नाहीत. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाचं टोक मोठं, एम.२चं लहान. जोर लावून बसवलं तर तार जाते. पहिलंच कार्ड बदलताय तर अडॅप्टर टाळा.

वापरलेली कार्डं काहीशे रुपयांत मिळतात. नागपूरला सीताबर्डीत जाणार असाल तर जुनं कार्ड काढून सोबतच न्या. दुकानदाराला मॉडेल सांगण्यापेक्षा कार्ड समोर ठेवलेलं बरं.

बसवताना

लागणाऱ्या वस्तू थोड्या: शून्य नंबरचा फुलीचा पेचकस, जुनं एटीएम कार्ड (झाकण उचकटायला), पांढरं खोडरबर, मऊ ब्रश, आणि स्क्रू ठेवायला वाटी. आतला स्क्रू बहुधा २ मिलिमीटर जाडीचा, ३ मिलिमीटर लांबीचा. तो हरवला तर दुसरा लांब स्क्रू घालू नका, खालचा बोर्ड फुटतो.

जागा निवडताना हवामान बघा. हिवाळ्यात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात अंगात स्थिर वीज साठते. गादीवर, सतरंजीवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हे काम करू नका. फरशीवर लाकडी पाट ठेवून बसा. कूलरच्या झोतासमोरही नको, तिथल्या दमट हवेत उघडा बोर्ड ठेवायचा नाही.

१. यंत्र शटडाऊन करा, स्लीप नाही. चार्जर काढा, बॅटरी काढा. पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर सर्वात आधी तिची तार सोडवा.

२. मागे अँटेनाचं चिन्ह असलेलं छोटं झाकण असेल तर तेवढंच उघडा. नसेल तर पूर्ण मागचं झाकण. टी आणि एक्स मालिकेच्या बऱ्याच जुन्या थिंकपॅडांत कार्ड कीबोर्डखाली असतं, तिथे मॅन्युअल बघितल्याशिवाय हात घालू नका, कीबोर्डची पट्टी फाटते.

३. कार्डाला हात लावण्याआधी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूला बोट लावा. मग फोनने फोटो काढा, तारांचे रंग आणि जागा स्पष्ट दिसतील असा.

४. अँटेनाच्या तारा काढा. टोक टिचबटणासारखं असतं, सरळ वर उचललं की सुटतं. तारेला धरून ओढायचं नाही, टोकाच्या धातूखाली नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालायची. ही टोकं तीसेक वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेली असतात, उगाच खेळू नका.

५. स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरकं उभं राहतं. त्याच तिरकसपणात बाहेर ओढा.

६. नवं कार्ड तिरकं घाला, खाच जुळवून. सोनेरी पट्ट्या जवळपास पूर्ण आत गेल्या पाहिजेत. मग खाली दाबून स्क्रू लावा. दाबताना कार्ड कमानीसारखं वाकत असेल तर ते आत पूर्ण गेलेलं नाही.

७. तारा लावा. टोक बरोबर मधोमध ठेवा, अंगठ्याने सरळ खाली दाबा, बारीक ‘टक’ जाणवेल. न जाणवता जोर द्यावा लागत असेल तर टोक बाजूला सरकलंय, उचला आणि पुन्हा ठेवा. तारांचा क्रम फोटोप्रमाणे. कार्डावर ‘मेन’ आणि ‘ऑक्स’ किंवा १ आणि २ लिहिलेलं असतं. तिसरी तार उरली तर तिच्या टोकाला टेप गुंडाळून बाजूला बसवा. तीन टोकांच्या कार्डाला दोनच तारा असतील तरी ते चालतं.

नवं कार्ड घ्यायच्या आधी जुनंच एकदा काढून, खोडरबराने पट्ट्या पुसून, ब्रशने स्लॉटमधली धूळ झाडून परत बसवून बघा. पावसाळ्यात पट्ट्यांवर काळपट थर चढतो, सोयाबीन-तुरीच्या काढणीच्या दिवसांत धूळ आत जाते. बरीच ‘मेलेली’ कार्डं एवढ्यानेच उठतात.

ड्रायव्हर

नेटशिवाय नेटचा ड्रायव्हर आणायचा कसा? फोन यूएसबी तारेने जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज १० त्याला लगेच ओळखते. (आणि टेबलावर बसूनच काम असेल तर कायमचं असंच वापरायलाही हरकत नाही, फोन चार्जही होतो.) किंवा फोनवर फाइल उतरवून तारेने लॅपटॉपमध्ये घ्या.

कोणता ड्रायव्हर हे कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, ‘डिटेल्स’, ‘हार्डवेअर आयडी’ बघा. ‘व्हेन’ (VEN) या अक्षरांपुढची चार अक्षरं कंपनी सांगतात: ८०८६ इंटेल, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकट प्रोग्रॅम ड्रायव्हरपेक्षा कचराच जास्त घालतात.

विंडोज १०वर हॉटस्पॉट जोडल्याबरोबर त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) करून टाका. नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटमध्ये सकाळीच संपतो.

बसलं, पण चालत नाही

फोन शेजारी ठेवला तरच सिग्नल, दोन हात लांब गेलं की गायब. ही अँटेनाची तार आहे, कार्ड नाही. टोक नीट बसलंय का बघा. बसलं असेल तर दोन तारांची अदलाबदल करा. फरक पडला तर एक तार बिजागरीत तुटलेली आहे. स्क्रीन उघड-मीट करून ती तिथेच तुटते.

वायफाय चालतं, ब्लूटूथ नाही. कार्डाचं ब्लूटूथ स्लॉटमधल्या यूएसबीच्या तारांवरून चालतं. काही यंत्रांत त्या जोडलेल्याच नसतात, मग ब्लूटूथ मिळणार नाही. आधी ब्लूटूथचा वेगळा ड्रायव्हर टाकून बघा, तो वायफायच्या ड्रायव्हरबरोबर येतोच असं नाही.

सारखं तुटतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा आणि ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ची खूण काढा. पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टर ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवा.

नवा वायफाय ६ राऊटर लावला आणि नेटवर्कचं नावच दिसेना. इंटेलच्या काही जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर असं नेटवर्क दाखवतच नाहीत. ड्रायव्हर नवा टाका, नाहीतर राऊटरमध्ये २.४च्या बँडवर ‘एएक्स’ (म्हणजे वायफाय ६) बंद करा.

जोडलं जातं, पण नेट नाही. कंपनीतून आलेल्या यंत्रात तिथला ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) किंवा प्रॉक्सी (नेटसाठीचा मधला सर्व्हर) तसाच राहिलेला असतो. आयपी ‘ऑटोमॅटिकली’वर करा, प्रॉक्सी बंद करा. आयपी १६९.२५४ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका.

साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतं. घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, बहुतेक सीआर२०३२. काही लॅपटॉपांत ती तार लावलेली असते, तेव्हा टोक बघूनच घ्या. वायफायचा यात काहीच दोष नाही.

स्विचच मोडलेला आहे आणि वायफाय कायम ‘ऑफ’ दाखवतं. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाची २० नंबरची पिन ही बंद करायची तार आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला, खाचेनंतर मोठ्या भागाकडची दुसरी सोनेरी पट्टी. तिच्यावर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपचा, पट्टीच्याच रुंदीचा तुकडा चिकटवला की कार्डाला बंद होण्याचा हुकूम पोचत नाही. शेजारच्या पट्टीवर टेप जाता कामा नये, आणि कार्ड घालताना टेप सरकली नाही ना हे भिंगातून बघून घ्या. स्विच दुरुस्त होत असेल तर तोच करा, हा शेवटचा उपाय.

स्लॉटच मेला असेल किंवा बायोस कोणतंच कार्ड घेत नसेल तर यूएसबी अडॅप्टर घ्या. नखाएवढा मिळतो तो फक्त एका खोलीपुरता. टिनाचं छप्पर आणि जाड भिंती असतील तर बाहेर अँटेना असलेला घ्या, आणि २.४ गिगाहर्ट्झवरच ठेवा, भिंतीतून तोच जास्त लांब जातो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून अडॅप्टर खिडकीत अडकवला तर महागड्या कार्डापेक्षा जास्त फरक पडतो.